सुई एकच, पण पुढचे पंधरा दिवस?

‘वंध्यत्व निवारण शिबिर’ हे शब्द ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिसले की माणसे गायी-म्हशी घेऊन दवाखान्याच्या आवारात जमतात. वारंवार उलटणारी गाय, माजावर न येणारी कालवड, यांच्यासाठी पशुसंवर्धन खात्याचे ते शिबिर असते. आता तेच शब्द बाजारपेठेतल्या मोठ्या फलकांवर आले आहेत आणि खाली गायीऐवजी गुटगुटीत बाळाचे चित्र आहे. शब्दाला आमची हरकत नाही. पण गायीला सुई टोचताना ‘डॉक्टर, हे कशाचं?’ असे आपण हमखास विचारतो. घरच्या लेकी-सुनेला सुई टोचताना मात्र कुणी तोंड उघडत नाही. डॉक्टरला काय विचारायचे, म्हणून गप्प बसतो.

विचारायला हवे, कारण या उपचाराचा मुख्य भार इंजेक्शनांवरच असतो. टेस्ट ट्यूब बेबी आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून असे मूल जन्मले. बाईच्या बीजांडकोशात एरवी महिन्याला एकच बीज पिकते. या उपचारात एका वेळी आठ-दहा बीजे तयार व्हावीत म्हणून एफएसएच नावाच्या संप्रेरकाची इंजेक्शने देतात, आणि तीही रोज, साधारण आठ ते बारा दिवस. मग तयार बीजे सुईने बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांचा शुक्राणूंशी संयोग करतात.

रोजची ही टोचाटोची कमी व्हावी म्हणून शास्त्रज्ञांनी लांब पल्ल्याचे इंजेक्शन तयार केले. कोरिफॉलिट्रोपिन अल्फा हे त्याचे नाव. युरोपात त्याला २०१० साली परवानगी मिळाली. युक्ती साधी आहे. एफएसएचच्या रेणूला गरोदरपणातल्या एका संप्रेरकाची शेपटी जोडली, त्यामुळे शरीर ते लवकर बाहेर टाकत नाही. एका सुईत पहिल्या सात दिवसांचे काम होते. बाईचे वजन साठ किलोपर्यंत असेल तर साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम आणि त्याहून जास्त असेल तर १५० मायक्रोग्रॅम, अशी मात्रा असते; वयही त्यात पाहिले जाते. इथे एक घोटाळा टाळायला हवा. काही दवाखान्यांत ‘महिन्याचे इंजेक्शन’ म्हणून जे देतात ते निराळे. ते बीजांडकोशाचे काम काही काळ थांबवण्यासाठी असते. हे काम जोरात करवण्यासाठी असते. दोन्ही एकच समजून चालणार नाही.

गावाकडच्या बाईला या एका सुईचा फायदा आहे, यात शंका नाही. जिल्ह्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरचे गाव धरा. सकाळची एसटी, दवाखान्यात नंबर, दोन मिनिटांचे इंजेक्शन आणि संध्याकाळी परत. सोबत नवरा किंवा सासू म्हणजे दोन माणसांचा रोज बुडाला. कापूस वेचणीला आला असेल किंवा कांदा काढणीला, तर विचारूच नका. औषध घरी न्यावे तर ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते, बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवायचे नसते, आणि विजेचे आपल्याकडचे वेळापत्रक सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या मते गावात या सुईचे खरे आकर्षण वेगळेच आहे. सलग आठ दिवस स्टँडवर दिसले की चौकशा सुरू होतात. ‘काय गं, रोज कुठं?’ एकदाच जाऊन आले की कुणाला पत्ता लागत नाही.

ही गुप्तताच पुढे अंगाशी येऊ शकते.

रोजच्या इंजेक्शनात डॉक्टरांच्या हातात दोरी असते. सोनोग्राफीत बीजे फार वाढलेली दिसली तर उद्याची मात्रा कमी करता येते, किंवा बंद करता येते. लांब पल्ल्याचे औषध एकदा अंगात गेले की परत काढता येत नाही. निम्मे औषध उतरायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात. गोठ्यात हा अनुभव जुना आहे. गाभण घोडीच्या रक्तापासून काढलेले पीएमएसजी गायीला एकदा टोचले की काम भागते, म्हणून भ्रूण प्रत्यारोपणासाठी ते वापरले जाई. पण त्याचा अंमल गायीत कितीतरी दिवस राहतो, बीजांडकोश नको तितके मोठे होतात, आणि नंतर नवी बीजे वाढतच राहतात. म्हणून पुष्कळ पशुवैद्यांनी ते सोडून दिवसातून दोनदा, चार दिवस एफएसएच देण्याची कटकट पत्करली. बाईसाठीचे औषध पीएमएसजीइतके आडदांड नाही, ते आठवड्याच्या मापाने बेतलेले आहे, हे खरे. पण दिलेले मागे घेता येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

म्हणूनच ज्यांच्या बीजांडकोशात आधीच खूप बारीक बीजे दिसतात, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘पीसीओडी’ म्हणतात, त्यांना हे इंजेक्शन द्यायचे नसते. पूर्वी अशा उपचारात पोट फुगून त्रास झालेल्यांनाही नाही. सुईआधी सोनोग्राफी झाली का, आणि त्यात काय दिसले, हा पहिला प्रश्न जोडप्याने विचारलाच पाहिजे.

आता यशाचे बोलू. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १५०६ बायकांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. लांब पल्ल्याच्या सुईने शंभरात ३८.९ जणींना दिवस राहून टिकले, रोजच्या इंजेक्शनाने ३८.१ जणींना. म्हणजे फरक नाहीच म्हणा. बीजांडकोश सुजून मध्यम किंवा गंभीर त्रास झालेल्या पहिल्या गटात शेकडा ४.१, दुसऱ्यात २.७; एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगते. पण लक्षात घ्या, या निवडून घेतलेल्या, छत्तीसपर्यंतच्या वयाच्या बायका होत्या. तरीही शंभरातल्या साठ जणींच्या पदरी त्या खेपेला काही पडले नाही. आपल्याकडे एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि तो पुष्कळदा दागिने मोडून किंवा जमीन गहाण टाकून उभा राहतो. महागडी सुई म्हणजे जास्त खात्री, असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे.

पैसे मोजण्याआधी आणखी एक. पुरुषाची वीर्य तपासणी आधी करा. मूल न होण्यात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या जोडप्यांपर्यंत दोष पुरुषाकडेही निघतो. ही तपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची आहे, आणि तरीही ती सगळ्यात शेवटी होते. सून चार देव आणि तीन डॉक्टर करून येते, तोवर मुलगा पारावर बसलेला असतो.

आता त्या पंधरा दिवसांकडे वळू. सुई घेतल्यावर चार-पाच दिवसांनी सोनोग्राफीच्या फेऱ्या सुरू होतात, त्या चुकवायच्या नाहीत. मधेच बीज अवेळी फुटू नये म्हणून दुसरे इंजेक्शन रोज घ्यावे लागते. आठव्या दिवसापासून पुष्कळ जणींना पुन्हा एफएसएचची रोजची सुई लागते. म्हणजे ‘एका सुईत काम’ हे अर्धेच खरे. बीज पिकवण्याची शेवटची सुई ठरल्या घड्याळी घ्यायची आणि साधारण छत्तीस तासांनी बीजे काढायची. त्या दिवशी मुक्कामाच्या गाडीवर भरवसा न ठेवता शहरातच राहिलेले बरे.

आणि मग बाई घरी येते. त्यानंतरच्या आठवडाभरात, दिवस राहिले असतील तर त्यानंतरही, पोट तट्ट फुगणे, उलट्या, लघवी कमी होणे, धाप लागणे, दोन दिवसांत वजन वाढणे, यातले काही दिसले तर तो बीजांडकोश सुजल्याचा त्रास असू शकतो. पोटात पाणी साठते, रक्तात गुठळी होऊ शकते, क्वचित जिवावर बेतते. वेळेत कळले तर डॉक्टरांकडे उपाय आहेत. धोका आधी दिसला तर शेवटच्या सुईचे औषध बदलता येते, गर्भ गोठवून ठेवून पुढच्या महिन्यावर ढकलता येतो. पण गावात काय होते? सासू म्हणते उष्णता झाली. जवळचा डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देऊन सलाईन लावतो. त्याचा काय दोष? उपचार चालू असल्याचे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. आशाताईंनाही माहीत नसते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हाही प्रश्न हाच होता की बाईला पुरते सांगून तिची संमती घेतली होती का. टेस्ट ट्यूबच्या उपचारासाठी तर केंद्राचा २०२१ चा कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. केंद्राची नोंदणी सक्तीची, लेखी संमती सक्तीची, यशाची शक्यता समजावून सांगणेही सक्तीचे. शिबिरासाठी समाजमंदिर मागायला कुणी आले, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंदणी क्रमांक लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

खर्चाच्या बाबतीत गरिबाला वाली नाही. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. शेजारच्या गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हे उपचार विनामूल्य सुरू झाले. आपल्या राज्याने जिल्ह्या-जिल्ह्यात तसे करावे, ही मागणी रास्त आहे. पण त्याला वेळ लागेल, हेही आम्हाला कळते.

बिनखर्चाचे काम मात्र उद्या होऊ शकते. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढावे. बाहेरच्या केंद्रातून औषध आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला रोजचे इंजेक्शन उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेने द्यावे, औषध तिथल्या फ्रिजमध्ये ठेवू द्यावे, आणि नाव बाहेर फुटू देऊ नये. ही सोय झाली तर रोजच्या इंजेक्शनासाठी शहर गाठावे लागणार नाही, आणि लांब पल्ल्याची सुई केवळ फेऱ्या वाचवायला घेण्याची पाळीही येणार नाही. घेतलीच, तर औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि केंद्राचा रात्रीचा फोन लिहिलेला कागद प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आधी पोचवावा, आणि दुसरा कागद बाईच्या स्वतःच्या पिशवीत असावा.