कुलूप गणिताचं, किल्ली टेबलावर!

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सिरुसेरी लागतं. एकेकाळचं हे खेडं आता 'सिपकॉट'च्या आयटी पार्कमुळे ओळखलं जातं. 'टीसीएस'च्या फुलपाखरासारखे पंख पसरलेल्या इमारतींचा तिथं मोठा दिमाख! त्याच पार्कात एक छोटेखानी संस्था आहे : 'चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट.' थोर गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी १९८९मध्ये तिचं रोप लावलं. २००५मध्ये ती सिरुसेरीला आली आणि २००६मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राजीव करंदीकर हे मराठी आडनावाचे संख्याशास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षं तिचे संचालक होते.

गणिताच्या या आश्रमाचा आणि तुमच्या-आमच्या घराचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. मोबाइलवरून पैसे पाठवताना आपला व्यवहार ज्या कुलपात बंद होतो, त्या जातीचं कुलूप १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी घडवलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक चुटकीसरशी करतो. पण नुसता गुणाकार हाती देऊन 'त्या दोन संख्या शोध' म्हटलं, तर भले भले संगणक घाम गाळतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीनं आणि झटपट ठरवण्याची रीत २००२मध्ये कानपूरच्या 'आयआयटी'तल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल, नितीन सक्सेना यांनी जगाला दिली. यातले अग्रवाल त्याआधी काही काळ शेषाद्रींच्याच संस्थेत होते.

तर कुलूप इतकं पक्कं. मग चोऱ्या होतात कशा? चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो किल्ली मागून घेतो!

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाचंच पाहा. ऑक्टोबर २०१९मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्यानं ई-मेलमधल्या दुव्यावर बोट ठेवलं. काहीच घडलं नाही. निदान तसं वाटलं. चोर मात्र आत शिरला होता. दोन महिने तो घरभर फिरला. तिजोरी कुठं, माळा कुठं, सगळं पाहून ठेवलं. नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, त्यानं २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. त्यात जपून ठेवलेल्या काही प्रतीही गेल्या, कारण त्या त्याच जाळ्याला जोडलेल्या होत्या. विद्यार्थ्यांचे प्रबंध, संशोधकांचं वर्षानुवर्षांचं काम, परीक्षा, पगार, सगळंच टांगणीला लागलं. अखेर विद्यापीठानं ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो मोजले. चोराला पैसे देऊ नयेत, हे खरं. पण शेकडो मुलांचं वर्ष ज्यांच्या हाती, त्यांना हा उपदेश दुरून करणं सोपं आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या 'एम्स'वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हीच पाळी आली. देशातली सर्वांत नावाजलेली ही वैद्यकीय संस्था कितीतरी दिवस वह्या-रजिस्टरांवर चालली.

बँकेला दार बंद ठेवता येतं. विद्यापीठाला ते जमत नाही. दरवर्षी नवी मुलं येतात, आपापले लॅपटॉप जोडतात. पाहुणे प्राध्यापक येतात. संशोधन जगाशी वाटून घ्यावं लागतं. म्हणून सगळ्याच खोल्यांना एकच कुलूप लावून भागत नाही. वाचनालयाची यादी उघडी असली तर बिघडत नाही. प्रश्नपत्रिका, गुण, जातीचे दाखले, वसतिगृहातल्या मुलामुलींचे फोन नंबर आणि आजारपणाचे कागद यांची खोली वेगळीच हवी. तिथं पासवर्डाबरोबर दुसरी खूणही लागावी आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद व्हावं. शिवाय एक प्रत अशी हवी, की जिची वायर कशालाच जोडलेली नाही. तीही दुसऱ्या गावी! डिसेंबर २०१५च्या महापुरात चेन्नई बुडाली. पाण्याला पासवर्ड लागत नाही.

आता आपल्या दाराशी. बारावीचा निकाल लागला, की प्रवेशाच्या धावपळीत आपण काय करतो? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला आधार, पॅन, दाखला, बँकेचं पासबुक व्हॉट्सअॅपवर धाडतो. तो छापून देतो, आपण पंधरा-वीस रुपये टेकवतो आणि निघतो. मुलीचा फोटो, पत्ता, जन्मतारीख मात्र त्याच्या संगणकावर मुक्कामाला राहते. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण त्याच्यामागून त्या खुर्चीत कोण बसतं, ते कोणी पाहिलंय? 'एवढं पुसून टाका हो दादा,' असं म्हणून, पुसलेलं डोळ्यांनी पाहूनच उठावं. आणि कॉलेजचा क्लार्क गुणांची यादी नाव-फोनसकट पालकांच्या ग्रुपवर टाकत असेल, तर त्यालाही सांगावं. तो रागावेल, रागावू दे!

कायदा आता पालकांच्या बाजूनं येतो आहे. संगणकावर असा हल्ला झाला, तर सहा तासांत 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवावं, असा आदेश एप्रिल २०२२मध्येच निघाला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. माहिती जपण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि ज्याची माहिती फुटली त्याला कळवणंही बंधनकारक आहे. मुख्य तरतुदींसाठी संस्थांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. तोवर प्रवेशाच्या खिडकीवर विचारायला हरकत नाही : आधारची प्रत कशाला हवी? ती ठेवणार कुठं? मुलगी पास होऊन गेल्यावर त्या कागदाचं काय करणार?

मास्ट्रिक्टच्या गोष्टीला शेपूट आहे. पोलिसांनी त्या खंडणीतला काही भाग पुढे शोधून काढला. तोवर बिटकॉइनचा भाव इतका चढला होता, की २०२२मध्ये त्या तुकड्याचेच सुमारे पाच लाख युरो झाले. गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ते वापरायचं विद्यापीठानं ठरवलं.