एक गटार, तीन योजना

दोस्तहो, काटकसरीची भाषा आज सगळेच बोलतात. एकाच कामाला दोन खाती नकोत, जनतेचा पैसा उधळू नका. कबूल. मग गटारापासनं मोजू.

१९९२ ला दिल्लीनं सफाई कामगारांच्या मुक्तीची आणि पुनर्वसनाची योजना काढली. १९९३ ला कायदा. योजनेची लक्तरं २००३ ला कॅगनंच वेशीवर टांगली. म्हणून २००७ ला दुसरी, स्वयंरोजगाराची. २०१३ ला दुसरा कायदा. २०२३ ला तिसरी योजना, नाव 'नमस्ते'. मॅनहोलच्या तोंडाशी उभं राहून नमस्ते!

दर खेपेला पहिलं काम मोजणी. पुन्हा फॉर्म, पुन्हा दाखला, पुन्हा रांग. २०१३ आणि २०१८ च्या मोजण्यांत मिळून ५८,०९८ माणसं सापडली. ज्यानं टोपली उचलली त्यानंच सिद्ध करायचं की टोपली उचलली.

आणि गटारात गुदमरून मेला तो? संसदेत उत्तर मिळतं, मैला वाहताना कुणी मेलं नाही, हे 'धोकादायक सफाई'त मेले. रकाने दोन, मुडदा एक. कोर्टानं २०१४ ला दहा लाख भरपाई सांगितली, २०२३ ला तीस लाख. मुडद्याचा भाव तिप्पट झाला, माणसाचं उतरणं थांबलं नाही.

कारण उघडं आहे. गटार एका खात्याचं, माणूस दुसऱ्या खात्याचा. ड्रेनेजवाला माणसाला आत सोडतो, समाजकल्याणवाला त्याच्या 'पुनर्वसना'चा खर्च मांडतो, मधे ठेकेदार मिशीत हसतो. खरी उधळपट्टी ही. मशीनचा पैसा ड्रेनेजच्याच बजेटात टाका, कामगाराचं नाव मस्टरवर चढवा. मग कशाला लागते वेगळी मोजणी?

पण यांना काटकसर सुचली की हात आपल्याच ताटात जातो. २०२५ ला महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले. बहीण आपलीही आहे, तिला द्या. पण आपल्या पोरांच्या वाट्यातनं का?

तर मित्रहो, परिपत्रकं वाचत बसू नका. आपापल्या नगरपालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. सफाईची मशिनं किती, त्यातली चालू किती, गेल्या वर्षी गटारात माणूस उतरवला तो कुणाच्या सहीनं. सहीवाल्याचं नाव मागायला विसरू नका.