नर्सच्या हाती प्रिस्क्रिप्शनची लेखणी हवी

बीड जिल्ह्यात ‘पिशवी काढली’ हा शब्दप्रयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2019 साली ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात ऐन तिशीतल्या बायकाही होत्या.

या बातमीवर आपण सगळे हळहळलो. खासगी दवाखान्यांची लूट, मुकादमाची उचल, एक खाडा झाला की कापला जाणारा दंड, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. ते सगळं खरंच आहे. पण एक साधा प्रश्न मागे राहिला. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून ही बाई पहिल्यांदा बोलली, तेव्हा तिला तपासायला समोर कोण होतं?

बहुतेक वेळा कुणीच नव्हतं. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या गावातून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे परळी किंवा अंबाजोगाई गाठायची. दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं आणि तपासणारा पुरुष असेल तर निम्मं दुखणं सांगायचंच राहतं. यातल्या अनेक तक्रारी साध्या जंतुसंसर्गाच्या असतात. नीट विचारपूस, आतून तपासणी आणि औषधांचा एक कोर्स एवढ्यावर त्या बऱ्या होऊ शकतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल तर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावून करायची प्राथमिक तपासणी प्रशिक्षित नर्स काही मिनिटांत करू शकते. कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावणारा डॉक्टर तिथेच निष्प्रभ होतो.

अमेरिकेत हे काम करणाऱ्या नर्सला ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. कोलोराडो विद्यापीठात 1965 साली नर्स लोरेटा फोर्ड आणि डॉक्टर हेन्री सिल्व्हर यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवात लहान मुलांच्या आरोग्यापासून झाली. कारण आपल्या ओळखीचंच होतं. खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत डॉक्टर पुरत नव्हते. आज तिथे ज्या नर्सने दुसऱ्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली आहे, तिला पुन्हा सगळं शिकावं लागत नाही. ती पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करते. त्यात शरीराची सविस्तर तपासणी, रोगनिदान आणि औषधशास्त्र शिकायचं, देखरेखीखाली शेकडो तास प्रत्यक्ष रुग्ण तपासायचे आणि मग राष्ट्रीय परीक्षा द्यायची. त्यानंतर तिला औषधं लिहून देण्याचा परवाना मिळतो. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी डॉक्टरच्या सहीची गरज पडत नाही.

आपल्याकडे काय आहे? तीन तुकडे आहेत. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आणला. प्रसूतीसाठी 18 महिन्यांचा मिडवाइफरीचा अभ्यासक्रम आहे. आणि गावातल्या उपकेंद्रासाठी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपला ‘सीएचओ’.

2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली आणि त्यातून हे पद आलं. बीएस्सी नर्सिंग किंवा आयुष पदवी असलेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र प्रशिक्षण देऊन उपकेंद्रात बसवायचं, अशी ही योजना. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. तिथे तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी करायची, गोळ्या द्यायच्या, गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरला दाखवायचं. योजना चांगलीच आहे. पण रक्तदाब वाढलेला सापडला, तरी पहिली गोळी सुरू करायचा निर्णय डॉक्टरचा. सीएचओ ती पुढे चालू ठेवते. ई-संजीवनीचा कॉल लागला नाही, तर रुग्ण आला तसा परत जातो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे तक्रार घेणाऱ्या पहिल्या फळीला काहीच दुरुस्त करायचा अधिकार नसेल, तर तिचं काम फक्त तक्रारी वर ढकलण्याचं उरतं. मग वरची माणसं किरकोळ कामात बुडतात आणि मोठा बिघाड तसाच राहतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातली सर्वात मोठी सरकारी आरोग्यसंस्था. खोकला-तापापासून अपघातापर्यंत सगळं तिथेच जाऊन धडकत असेल, तर दोष त्या रुग्णालयाचा नाही. खालच्या पायरीला अधिकार नाहीत, हे दुखणं आहे.

कायद्याने दार किंचित उघडलं आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे देण्याची मुभा त्यात आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने याला कडाडून विरोध केला, संपही झाला. यातून बोगस डॉक्टर तयार होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. झोळाछाप डॉक्टरांनी आपल्या वस्त्यांचं काय केलं आहे, ते आपण पाहतोच. पण त्यावर उपाय म्हणून चार वर्षं आधुनिक वैद्यकातली परिचर्या शिकलेल्या नर्सला दारातच अडवायचं, हे पटत नाही. याच महाराष्ट्राने 2014 साली कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट काढून दिली. तो वाद वेगळा. पण त्यांच्यासाठी वाट काढता येते, तर नर्ससाठी का नाही?

आणि हे आपल्या मातीत होऊ शकतं का, असं कुणी विचारलं तर बीडच्या शेजारचं जामखेड दाखवावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आठवड्याच्या आठवड्याला शिकवत राहायचं, पाठीशी रुग्णालय ठेवायचं आणि जबाबदारी सोपवायची, ही त्यांची रीत. पदवीधर नर्ससोबत हे करणं त्याहून सोपं आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. एक, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर न थांबता कुटुंब आरोग्याचा किमान एक वर्षाचा निवासी पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि मराठवाड्यात तो अंबाजोगाईला असावा. दोन, तो पूर्ण करणाऱ्या नर्सला ठरावीक औषधांच्या यादीसह परवाना मिळावा. तिने काय लिहिलं याची डॉक्टरांकडून नियमित तपासणी व्हावी. तीन, हे पद कंत्राटी नसावं. दरवर्षी नेमणुकीच्या कागदाची वाट पाहणारी नर्स गावात मुळं धरत नाही.

आता थोडं आपल्या घरातलं. बारावी सायन्स झालेल्या आपल्या कितीतरी मुली नीटमध्ये थोडक्यात राहतात आणि मग बीए करून घरी बसतात. नर्सिंगचं नाव काढलं की रात्रपाळी, गणवेश, ‘लोक काय म्हणतील’ हे सुरू होतं. ज्या अम्मी-अब्बांना बाळंतपणाला लेडी डॉक्टरच हवी असते, त्यांनाच आपली मुलगी नर्स झालेली चालत नाही. मदिनेत मस्जिद-ए-नबवीतल्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचं नाव आपण आदराने घेतो. त्यांचं काम मात्र घरात नको असतं.

मित्रांनो, मैत्रिणींनो, बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरता येतात. गल्लीतल्या एका मुलीचा अर्ज भरून द्या, तिच्या अब्बांशी बोला. जो भाऊ फार्मसीच्या रांगेत उभा आहे, त्यालाही सांगा, हे पुरुषांचंही काम आहे. आणि पुढच्या ग्रामसभेत उठून एवढं विचारा: आपल्या उपकेंद्रात कोण बसतं, किती दिवस बसतं आणि तिला औषध सुरू करायचा अधिकार का नाही? उत्तर लेखी मागा.