शैली साठत जाते

चित्र काढू लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतो : स्वतःची शैली शोधा. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण ऐकणाऱ्याला तो बहुधा अडवूनच ठेवतो. शैली आपल्या आत कुठेतरी तयार होऊन पडली आहे, ती हाती लागली की आत्मविश्वास येईल आणि आत्मविश्वास आला की चित्रे बरी होतील, असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. मग शैली सापडेपर्यंत कागद कोराच राहतो. हौशी चित्रकार एकामागून एक कार्यशाळा करत राहतात, कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी नावाजलेल्या चित्रकारांच्या रंगसंगती अंगावर चढवून पाहतात आणि पन्नाशीत पुन्हा ब्रश हाती घेऊ पाहणारी माणसे ‘मला कुठे चित्रकला येते’ म्हणत मागे सरतात. माझे म्हणणे असे, की हा क्रमच उलटा आहे. आधी निर्णय घ्यावे लागतात. त्या निर्णयांच्या साठ्याला आपण मागाहून शैली म्हणतो आणि ते निर्णय आपले आपण निभावले या अनुभवातून आत्मविश्वास येतो. असे निर्णय पावलोपावली घ्यायला लावणारे आणि चुकले तर सावरायला जागा देणारे माध्यम म्हणजे मिश्र माध्यम. म्हणूनच त्याला फावल्या वेळातल्या ‘क्राफ्ट’पेक्षा मानाची जागा मिळायला हवी.

मिश्र माध्यम म्हणजे एकाच चित्रात दोन किंवा अधिक प्रकारचे साहित्य एकत्र आणणे. जलरंगावर शाई, ॲक्रिलिकखाली वर्तमानपत्राचे कपटे, ऑइल पेस्टलच्या रेघांवरून फिरवलेला पाणीदार रंग, कापड, दोरा, ठसे, वाळू असे काहीही त्यात येऊ शकते. लोककलांना ही सरमिसळ कधीच परकी नव्हती. आधुनिक चित्रकलेत मात्र तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९१२ मध्ये. त्या वर्षी पाब्लो पिकासोने एका लंबगोल कॅनव्हासवर वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड चिकटवले, त्याच्याशी जोडून तैलरंगात काम केले आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाटनात बसवला. तोवर वेत किंवा लाकूड किती हुबेहूब रंगवता येते यावर चित्रकाराची परीक्षा होत असे. आता कोणता वेत घ्यायचा, तो कुठे ठेवायचा आणि कशाच्या शेजारी, हे प्रश्न पुढे आले. कौशल्याची गरज संपली नाही. तिच्या जोडीला निवड उघडपणे येऊन बसली. मिश्र माध्यमाचे शैक्षणिक मोल याच बदलात आहे.

ही निवड महत्त्वाची का, याचा चांगला पुरावा जेकब गेट्झल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या दोन मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मिळतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाविद्यालयातील विद्यार्थ्यांसमोर त्यांनी दोन टेबलांवर २७ वस्तू मांडल्या. हव्या त्या वस्तू घ्या, स्वतः रचना करा आणि तिचे चित्र काढा, एवढीच सूचना होती. काहींनी चटकन दोन-चार वस्तू उचलून काम सुरू केले. काहींनी मात्र बऱ्याच वस्तू हाताळल्या, उलटसुलट करून पाहिल्या, चित्र सुरू झाल्यावरही रचना बदलली. जाणकारांनी चित्रे पाहिली तेव्हा या दुसऱ्या गटाचे काम अधिक अस्सल ठरले आणि काही वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा चित्रकार म्हणून टिकून यश मिळवणाऱ्यांतही असेच विद्यार्थी अधिक दिसले. १९७६ मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. वेगळेपण हे नुसत्या हातात नसते, हात चालू लागण्यापूर्वी आणि चालू असताना केलेल्या चाचपणीत असते, हा त्याचा अर्थ. मिश्र माध्यमात ही चाचपणी टाळताच येत नाही. गोंद लागेपर्यंत प्रत्येक तुकडा हलवता येतो, म्हणून तो हलवून पाहावाच लागतो. पेन्सिलीची पहिली रेघ ओढताच चित्र पुढे पळू लागते. कपट्यांची मांडणी चित्रकाराला थांबवून विचारायला लावते.

आता आत्मविश्वासाकडे येऊ. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो, यावर अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही आधारभूत मानला जातो. त्यांनी चार स्रोत सांगितले : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणे, इतरांचे प्रोत्साहन आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांतला सर्वांत बळकट स्रोत पहिला. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला भर असतो तो तिसऱ्यावर, म्हणजे ‘छान आहे’ म्हणण्यावर. ती शाबासकी फार पुरत नाही, कारण हुबेहूबपणा हाच निकष असला की नवशिक्याला आपली चूक स्वतःलाच दिसत असते. नाक वाकडे झाले तर ते वाकडेच दिसते. कितीही कौतुक केले तरी ते सरळ होत नाही. मिश्र माध्यमात तोच बिघाड एक नवा प्रश्न होऊन समोर येतो. त्यावर पातळ कागद चिकटवता येतो, रंग ओला असतानाच खरवडता येतो, सुकल्यावर सँडपेपरने घासून खालचा थर उघडा करता येतो किंवा तो भाग फाडून दुसऱ्या चित्रात नेता येतो. अडचण आली, तिच्यातून आपण वाट काढली, हा अनुभव अशा प्रत्येक वेळी गाठीशी पडतो. आत्मविश्वासाची खरी शिदोरी ती.

असा अनुभव वयाला किंवा शारीरिक मर्यादेला अडत नाही, हे दोन उदाहरणांतून दिसते. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी १७७२च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली. काळ्या पार्श्वभूमीवर कागदाचे बारीक बारीक तुकडे जोडून केलेली ही फुले वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही चोख आहेत. कुठे कुठे त्यांनी खरे पानही चिकटवले आहे. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांत, त्यांनी जवळजवळ हजार चित्रे केली आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. भरतकाम, कातरकाम, शिंपल्यांचे काम हे सारे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. ते साठलेले निर्णय नव्या साहित्यात एकत्र आले. दुसरे उदाहरण शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांचे. तिथल्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांवरचे भव्य भित्तिचित्र त्यांनी १९४७ मध्ये पूर्ण केले. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती; १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद दुमडून आणि कापून कोलाज केले आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्याच कलाभवनात टाइल्सचे भित्तिचित्र उभे केले. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. डोळ्यांनी पाहून रंगवणे अशक्य झाले तेव्हा आकार आणि अवकाश यांविषयीची त्यांची जाण बोटांतून व्यक्त होऊ लागली. माध्यम बदलले तरी माणूस ओळखू येतो, कारण शैली ब्रशाच्या फटकाऱ्यात जितकी असते तितकीच काय ठेवायचे आणि काय गाळायचे या सवयीत असते.

यावर पहिला आक्षेप कलाशिक्षकांकडूनच येतो आणि तो रास्त आहे. रेखाटन पक्के नसेल तर मिश्र माध्यम म्हणजे हात लपवण्याची सोय, असे ते म्हणतात. वर दिलेली दोन्ही उदाहरणे त्यांच्या बाजूने उभी करता येतील, कारण डेलनी आणि मुखर्जी या दोघांमागे दीर्घ साधना होती. रेखाटनाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण आधी कित्येक वर्षे रेखाटन आणि मगच इतर सारे, हा हट्ट मान्य नाही. ज्याला चित्रकार व्हायचे आहे तो ती वर्षे काढेल. बाकीचे बहुसंख्य त्या उंबरठ्यावरूनच परत फिरतात. शिवाय मिश्र माध्यमालाही स्वतःची कडक शिस्त आहे. तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, थर सुटून येतो. वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. पातळ कागदावर गोंद जास्त झाला की सुरकुत्या पडतात, फुगे येतात. ऑइल पेस्टल पाणी झिडकारते, हे ठाऊक असेल तर तोच गुण कामाला येतो, नसेल तर चित्र बिघडते. साहित्याचे हे नियम शिकवणारा शिक्षक रेखाटनाकडे दुर्लक्ष करत नाही. रेखाटन का शिकायचे, याची निकड तो विद्यार्थ्याला कामातूनच जाणवून देतो.

दुसरा आक्षेप बाजाराविषयीचा. मिश्र माध्यमाच्या नावाखाली तयार साहित्याचे संच विकले जातात, व्हिडिओ पाहून हजारो जण एकसारखीच पाने सजवतात. यात कसली शैली, असे विचारले जाते. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. तयार संचात रंग दुसऱ्याने निवडलेले असतात, कागद दुसऱ्याने कापलेले असतात आणि अंतिम चित्र डबीवर छापलेले असते; म्हणजे नेमके निर्णयच काढून घेतलेले असतात. हात गुंतलेला राहतो, मनाला विरंगुळाही मिळतो. विरंगुळा कमी मोलाचा नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी मार्कर, माती आणि कोलाजचे साहित्य घेऊन ४५ मिनिटे मनाप्रमाणे काम केले. त्यानंतर सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी उतरलेली आढळली आणि पूर्वी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण त्यातही लोकांना साहित्याची निवड होती, हे विसरता कामा नये. साहित्य महाग असायला हवे असे तर मुळीच नाही. रद्दी, लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या आणि घरची खळ एवढ्यावर शाळेचे वर्षभराचे काम निभू शकते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. काहीही चिकटवले तरी चालते, चूक अशी काही नसतेच, असे मुलांना सांगत राहिलो तर तो आत्मविश्वास पोकळ निघेल आणि ‘माझी शैली’ म्हणून एकच युक्ती गिरवण्याची सवय लागेल. हा धोका खरा आहे. ‘इथे काहीच चुकत नाही’ हे वाक्य वर्गातून बादच करावे, कारण चित्र फसते. एखादा गडद तुकडा सारे लक्ष ओढून घेतो, पोत इतके होतात की डोळा कुठे ठरत नाही, रिकाम्या जागेचा श्वास कोंडतो. हे स्पष्ट सांगायलाच हवे. फरक इतकाच, की ते फसणे दुरुस्तीला मोकळे असते. एकच युक्ती गिरवण्यावर उपाय म्हणजे मर्यादा घालून मालिका करणे : तीनच प्रकारचे कागद आणि एकच रंग घेऊन दहा चित्रे, मग कागद बदलून पुन्हा दहा. साहित्य बदलल्यावरही जे टिकून राहते, म्हणजे कडेला झुकणारी मांडणी, फाटलेल्या कडांची ओढ, मोकळा सोडलेला वरचा भाग, ती शैली. साहित्याबरोबर जे गळून पडते ती युक्ती. एकट्या चित्रात हा भेद दिसत नाही; वीस चित्रे शेजारी शेजारी मांडली की लपत नाही.

महाराष्ट्राला हे रुजवणे अवघड नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या मुलांच्या हाती रंग दिले, ही मोठी कमाई आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन ही शिस्त राहावीच. तिच्या जोडीला असा एक भाग हवा, की ज्यात साहित्य विद्यार्थी निवडेल, तयार चित्राबरोबर वाटेवरच्या दोन-तीन मांडण्याही दाखवेल आणि आपण काय बदलले व का, हे चार ओळींत लिहील. निवडीबद्दल मराठीत विचार करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. विणकर सेवा केंद्रात काम केलेले, कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरणारे चित्रकार प्रभाकर बरवे रोजनिशीत रेखाटने आणि टिपणे करत राहिले. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलाकडून बरव्यांची अपेक्षा नाही. आपल्या निवडीचे कारण सांगण्याची सवय मात्र त्याला लावता येईल. पालकांनीही एवढे करावे : चित्र कशासारखे झाले आहे हे विचारण्याआधी ‘हा कागद इथेच का लावलास?’ असे विचारावे. उत्तर लगेच येणार नाही, कदाचित बऱ्याच चित्रांनंतर येईल. पण जे मूल स्वतःच्या निर्णयाचे कारण सांगू शकते, त्याला आपले काम चांगले आहे की नाही हे ठरवायला दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि कलाशिक्षणाने द्यावा असा आत्मविश्वास तोच आहे.