आधीं निदान, मग पान्हा

या सदरांत मोटारगाडीविषयीं लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. ज्यानें उभा जन्म रूपावलि, समासचक्र आणि तर्कसंग्रह यांच्या संगतींत काढला, त्यानें इंजिन आणि बॅटरी यांच्या गोष्टी सांगाव्या हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरीं जें घडलें, त्यानें मला न्यायशास्त्रांतील एक जुना धडा नव्यानें शिकविला. आणि त्या धड्याची फी मला कांहीं रोख रकमेंत व कांहीं नामुष्कींत भरावी लागली. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें जशीच्या तशी ठेवितों.

इ. स. १९९५ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत परदेशी बनावटीच्या अनेक बड्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. त्या काळीं त्या कारखानदारांच्या व नामांकित डॉक्टरांच्या दारांत उभ्या असत. आज त्यांपैकीं कित्येक तिसऱ्या-चवथ्या मालकाच्या हातीं येऊन मध्यमवर्गीयांच्या अंगणांत विसावल्या आहेत. माझ्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं अशीच एक गाडी घेतली. तिच्या कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बावीस वर्षें राबलेल्या कोणत्याही यंत्राचें जें व्हावयाचें तेंच तिचें झालें. दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, तिचें नांव 'हत्ती' ठेविलें आहे. पोसावयास जड, परंतु मंगलकार्यांत शोभणारा!

गेल्या पौषांतील थंडींत हा हत्ती सकाळीं उठण्यास कुरकुर करूं लागला. किल्ली फिरविली कीं इंजिन कण्हत कण्हत फिरे, आणि बऱ्याच वेळानें चालू होई. स्टेशनाकडील रस्त्यावर मोटारींच्या विजेचें काम करणारा एक तरुण मुलगा आहे, त्यास बोलाविलें. त्यानें बॉनेट उघडून पाहिलें आणि म्हणाला, "सर, आधीं जरा अर्थिंग बघूं का?" मीं त्यास मध्येंच थांबविलें. बॅटरी चार वर्षांची जुनी आहे हें मला ठाऊक होतें. मग पाहावयाचें काय राहिलें? मीं नवी बॅटरी बसविण्यास सांगितलें. त्यानें निमूटपणें बसविली. आठ-दहा दिवस बरे गेले, आणि पुन्हां तीच कुरकुर सुरू झाली. घरांतील प्रत्येकजण आपापल्या मगदुराप्रमाणें किल्ली फिरवून धरूं लागला. कोणी पंधरा सेकंद, कोणी अर्धा मिनिट.

येथें थोडें थांबून या यंत्राची ओळख करून देणें अवश्य आहे. पेट्रोलचें अथवा डिझेलचें इंजिन आपलें आपण सुरू होऊं शकत नाहीं. त्यास पहिले कांहीं फेरे बाहेरून कोणीतरी द्यावे लागतात. हें काम करणाऱ्या विजेच्या मोटरीस इंग्रजींत स्टार्टर मोटर, आणि आपल्याकडील यच्चयावत् गॅरेजांत 'सेल्फ' म्हणतात. उपनिषदांतील आत्म्याशीं त्याचा संबंध नाहीं, तरी तोही दिसत नाहीं आणि त्यावांचून देह हालत नाहीं, एवढें साम्य खरें! किल्ली फिरविली कीं सोलेनॉइड नांवाचें विद्युत्-चुंबक एक लहान दांतेरी चाक पुढें ढकलून इंजिनाच्या मोठ्या दांतेरी चाकांत अडकवितें, आणि त्याच वेळीं बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरींत सोडतें. इंजिनाचा एक फेरा होण्यास सेल्फास दहा ते पंधरा फेरे घ्यावे लागतात. त्या क्षणीं तो शंभर-दीडशें किंवा त्याहूनही अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. इंजिन चालू झालें कीं लहान चाक मागें सरतें, आणि सेल्फ स्वस्थ बसतो.

आम्हां मनमाडकरांस हें समजण्यास पुस्तक नको. उभी आगगाडी हालवितांना इंजिनाला जो जोर करावा लागतो, तो ती धांवूं लागल्यावर लागत नाहीं, हें आम्हीं लहानपणापासून फलाटावर उभे राहून पाहिलें आहे.

पूर्वीं हा पहिला फेरा माणसाच्या दंडानें दिला जाई. इंजिनाच्या पुढच्या भोंकांत लोखंडी हॅण्डल घालून तें फिरवावें लागे, आणि इंजिन उलटें उसळलें तर मनगट मोडे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा सेल्फ सिद्ध केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो प्रथम बसविला गेला. केटरिंग हे पूर्वीं दुकानांतील रोकड मोजणाऱ्या यंत्रांचे काम करीत. गल्ल्याचा खण उघडण्यापुरता क्षणभर मोठा जोर देणारी लहान मोटर त्यांनीं तेथें बनविली होती. तीच कल्पना त्यांनीं येथें लाविली. दिवसभर चालणाऱ्या मोटरीनें इंजिन फिरवावयाचें तर ती गाडींत मावणार नाहीं एवढी मोठी लागेल. परंतु कांहीं सेकंदच राबवावयाची असेल तर लहान मोटरीवर तिच्या शक्तीबाहेरचा भार टाकतां येतो, मात्र पुढें तिला निवूं दिलें पाहिजे. सेल्फाचें सारें मर्म या 'मात्र'मध्यें आहे. किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये, आणि पुन्हां फिरविण्यापूर्वीं निदान एक-दोन मिनिटें थांबावें, हा नियम त्यांतूनच निघतो. आम्हीं तो पंधरा दिवस सर्रास मोडला.

त्याचें फळ नेमकें नको त्या दिवशीं मिळालें. वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नाशिकास सकाळींच ठरली होती. पहांटे सर्व मंडळी तयार होऊन गाडींत बसली, पुतण्यानें किल्ली फिरविली, आणि 'टक्' असा एक आवाज होऊन सारें शांत झालें. शेजारचे चार जण धक्का मारण्यास धांवून आले. परंतु ही गाडी आपोआप गिअर बदलणारी. अशा गाडींत इंजिन बंद असतां चाकांचा जोर इंजिनापर्यंत पोंचत नाहीं. ती मनमाडपासून अंकाईपर्यंत ढकलली असती तरी चालू झाली नसती. शेवटीं स्टेशन गांठून आम्हीं गर्दीनें भरलेल्या पंचवटीनें निघालों. वहिनी वाटेंत एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, वेळेवर पोंचलों म्हणजे झालं." परंतु माझा संताप शमेना. त्या मुलानें वाईट बॅटरी गळ्यांत बांधली, अशी माझी खात्री झाली होती. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आणि दुसऱ्या दिवशीं परत येतांच मीं त्याच्या दुकानासमोर, चार लोकांदेखत, त्यास नाहीं नाहीं तें बोललों. तो खालीं मान घालून उभा राहिला.

त्याच सायंकाळीं आमचे एक शेजारी ओसरीवर आले. येथील रेल्वेच्या ज्या कारखान्यांत पुलांचे लोखंडी गर्डर बनतात, तेथें त्यांनीं फिटर म्हणून नोकरी केली, आणि आतां ते माझ्यासारखेच निवृत्त आहेत. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, बॅटरी वाईट कशावरून?" मीं म्हणालों, "गाडी चालू होत नाहीं यावरून." ते हंसले. "त्याला पांच कारणं असतात. चला, बघूं."

त्यांनीं प्रथम पुढचे दिवे लाविले आणि मला किल्ली फिरविण्यास सांगितलें. दिवे लखलखीत राहिले. 'टक्' आवाज झाला, तरी ते मंदावले नाहींत. बॅटरी मेलेली असती तर दिवे मावळले असते. ज्या अर्थीं ते मावळले नाहींत, त्या अर्थीं बॅटरी निर्दोष. मग मीटर लावून पाहिलें तों बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत होती, म्हणजे पुरती भरलेली. गिअरचा दांडा उभ्या गाडीच्या खांचेंतच होता. तो भलत्या जागीं असेल तरी अशा गाड्यांत सेल्फ फिरत नाहीं. नंतर गाडीखालीं जाऊन पाहिलें, तर सेल्फाच्या जाड तारेवर बॅटरीचा पूर्ण दाब होता, आणि किल्ली फिरवितांच बारीक तारेवरही दाब येत होता. हुकूम पोंचत होता, शिधा पोंचत होता, आणि तरी सेवक हालत नव्हता. हातोडीच्या दांड्यानें सेल्फावर हलकेंच ठोकलें तेव्हां तो एकदां फिरला, आणि पुन्हां मूक झाला. "कार्बन झिजले," शेजारी म्हणाले.

मी ऐकत होतों आणि मनांतल्या मनांत शरमत होतों. हा तर अन्वय-व्यतिरेक! कारण असेल तेथें कार्य असावें, कारण नसेल तेथें कार्य नसावें. या दोन कसोट्यांवर प्रत्येक संशय घासून पाहावा, आणि उरेल तें कारण मानावें. हें मीं तीस वर्षें मुलांस फळ्यावर लिहून दिलें, आणि माझ्या अंगणांत मात्र 'गाडी चालू होत नाहीं' या पांच कारणांशीं संसार करणाऱ्या व्यभिचारी हेतूवरून एका मुलास दोषी ठरविलें.

सेल्फ खोलला तेव्हां कार्बन तर झिजले होतेच, परंतु आर्मेचरचें वेष्टनही जळून काळें पडलें होतें. नुसते कार्बन किंवा बुश गेले असते तर ते थोडक्यांत बदलतां आले असते. आर्मेचर जळल्यावर संपूर्ण सेल्फ बदलणेंच इष्ट. पुतण्यानें तो मागविला, आणि शेजारी व मी दोघांनीं मिळून तो बसविला. म्हणजे त्यांनीं बसविला आणि मीं कंदील धरला. त्यांनीं कटाक्षानें पाळलेलीं पथ्यें वाचकांच्या घरांतील तरुणांसाठीं नमूद करितों. इंजिन पूर्ण निवल्यावांचून हात घालूं नये, कारण सेल्फाशेजारूनच धुराचा नळ जातो. प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी. गाडीचें सारें लोखंड ऋण टोकाशीं जोडलेलें असल्यामुळें, धन टोकाची तार आधीं सोडतांना पान्हा लोखंडास लागला तर ठिणगी उडून अनर्थ होतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. खालीं भक्कम घोड्या द्याव्या. तारा सोडण्यापूर्वीं कोणती कोठें हें लिहून ठेवावें. शेवटचा बोल्ट सोडतांना सेल्फ हातांनीं तोलून धरावा, कारण तो दिसतो त्याहून बराच जड असतो. बसवितांना ऋण तार सर्वांत शेवटीं जोडावी.

नवा सेल्फ बसला. किल्ली फिरविली, इंजिन चालू झालें. परंतु पुन्हां कण्हत! सर्वांचे चेहरे उतरले. शेजाऱ्यांनीं मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरें इंजिनाच्या अंगावर ठेविलें, आणि मला पुन्हां किल्ली फिरविण्यास सांगितलें. कांटा अर्ध्या व्होल्टापेक्षां पुढें जावयास नको होता; तो पावणेदोनवर गेला. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांस जोडणारा तांब्याचा पट्टा हिरवा पडून अर्धा कुजला होता. बॅटरींतून निघालेला प्रवाह परत येण्याची वाटच अडली होती. म्हणून इंजिन हळू फिरे, म्हणून आम्हीं किल्ली अधिक वेळ धरीत असूं, आणि म्हणून सेल्फ जळला. पट्टा बदलला, टोकें घासून चकचकीत केलीं, आणि हत्ती एका हांकेसरशीं उठला. हा पट्टा तसाच राहिला असता तर नवा सेल्फही जुन्याच्याच वाटेनें गेला असता.

आणि त्या पट्ट्यासच गॅरेजांत 'अर्थिंग' म्हणतात. त्या मुलानें पहिल्या दिवशीं पाहूं का म्हणून विचारलें होतें तें हेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच्या दुकानीं गेलों. जेथें बोललों होतों तेथेंच, आणि शेजारचे लोक जमले असतांच, माझी चूक झाली असें त्यास सांगितलें. तो इतका गोंधळला कीं हातांतील पान्हा कोठें ठेवावा हें त्यास कळेना. "सर, तुम्ही मोठे आहांत, असं नका बोलूं," एवढेंच तो म्हणाला. मग थोड्या वेळानें हळूच म्हणाला, "बॅटरी मात्र चांगली आहे, सर. ती चालेल."

ती चालते आहे. वहिनींच्या डोळ्याच्या फेरतपासणीस आम्हीं त्याच गाडीनें गेलों. निघण्यापूर्वीं दादांनीं सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत बजाविलें, "किल्ली दहा सेकंद! आणि नाहीं चालू झाली तर मास्तरांस नव्हे, त्या पोराला विचारा." मीं तो हुकूम मान्य केला आहे.