गुरुवारचे पान

दिवाळी जवळ आली, की आमच्या घराण्यात एक जुना वाद हटकून निघतो. विश्रामबागच्या काकूच्या चकलीत मोहन तेलाचे असायचे की लोण्याचे? भाच्या एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पक्ष शपथेवर सांगणार. मी त्यात पडत नाही. आम्ही पुरुषांनी चकली खाल्ली, ती कशी होते ते पाहिले नाही. आमची साक्ष कोण धरणार? पण काकूबद्दलची एक गोष्ट मात्र आज घरात माझ्याखेरीज कोणाला नीटशी ठाऊक नाही. ती या सदरात लिहायचे मी आजवर टाळले.

काकू १९२२ सालची. माहेर सातारचे. १९३८ मध्ये ती लग्न होऊन सांगलीत आली, तेव्हा तेथे पटवर्धनांचे संस्थान होते. पुढे संस्थाने गेली आणि १९४९ मध्ये जिल्ह्याचे नाव पडले 'दक्षिण सातारा'. काकू म्हणायची, "मी सासरी आले, आणि माझं सातारा माझ्या पाठोपाठ आलं!" १९६० मध्ये त्या नावाचे 'सांगली' झाले, ते तिला मुळीच रुचले नाही.

काकांनी घर बांधले ते विश्रामबागेत. आज तेथे मोकळी जागा दिसायची नाही, पण त्या वेळी सांगली आणि मिरज यांच्या मधला तो सगळा माळ होता. १९१९ सालचे विलिंग्डन कॉलेज, १९४७ मध्ये सुरू झालेले इंजिनिअरिंगचे कॉलेज, आणि मधूनमधून बंगल्या. घर अगदी वाटेवर. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कोणाचे माणूस ठेवलेले असो, सांगलीच्या पेठेत कोणी हळद घेऊन आलेला असो, नाहीतर कोणाला गणपतीचे दर्शन घ्यायचे असो, येता-जाता पाय काकूच्या ओसरीला लागायचेच. आणि ओसरीला पाय लागला, की पान मांडले जायचे.

घरची श्रीमंती होती म्हणून हे चालले, असे कोणी समजू नये. काका नोकरदार माणूस. पण काकूजवळ युक्त्या होत्या. आमटी एकदा केली, की तिच्यात शेंगदाण्याचा कूट आणि फोडणीचे पाणी घालून ती चार माणसांची सात माणसांना पुरवायची. कुळथाचे पीठ आणि मेतकूट हे डबे कधी रिकामे दिसले नाहीत. भाजी कमी पडते असे दिसले, की ती आम्हा घरच्या मुलांकडे वळून म्हणायची, "आज ताक किती छान झालंय, नाही?" याचा अर्थ, भाजीला हात लावू नका, ताकभातावर उठा. पाहुणे बिचारे ताकाची स्तुती करत भाजी दोनदा मागून घ्यायचे. आम्हाला त्या ताकाचा इतका राग यायचा, की माझा एक चुलतभाऊ अजून ताक पीत नाही.

मी १९६१ च्या जून महिन्यात विलिंग्डनमध्ये शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला गेलो. तेव्हा घरी वार लावून जेवणारी तीन मुले होती. हल्लीच्या वाचकांना सांगायला हवे : गरीब विद्यार्थी सात घरी सात वार जेवून आठवडा काढायचा, त्याला वार लावणे म्हणत. बहुतेक घरांत हे वार जातीतल्या मुलांनाच मिळत. काकूच्या घरचा गुरुवार मात्र आटपाडीकडच्या एका धनगराच्या मुलाचा होता.

हे कसे घडले ते कळायला सातारला जावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा काकू आठ वर्षांची होती. त्या दिवशी तिच्या आईने स्वयंपाकघरात बसून ती मंगळसूत्राची हकिकत सांगितली, ती काकूच्या मनात राहिली. ती चळवळीतली बाई नव्हे, भाषण तिने कधी केले नाही. घरात सासूबाईंचे कडक सोवळे होते, तेही तिने शेवटपर्यंत सांभाळले. गुरुवारचे पान ओसरीवर मांडायचे, एवढी तडजोड सासू-सुनांत झाली होती. काकू त्या दिवशी आम्हा सगळ्यांचीच पाने ओसरीवर मांडायची.

तो मुलगा माझ्याच वर्गात होता. अबोल, अंगाने काटकुळा, आणि गणितात माझ्या फार पुढे. सहामाही परीक्षेत त्याला पहिला नंबर मिळाला. मी कितवा होतो ते सांगत नाही. मास्तरांनी वर्गात त्याचा पेपर दाखवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "घरचं खाऊन पिऊन असलेल्यांनी यावरून काही शिकावं."

तो दिवस नेमका गुरुवार. संध्याकाळी तो आला, तेव्हा काकू मागच्या विहिरीवर होती. मी दारात उभा होतो. मी त्याला म्हणालो, "आज घरात सोवळ्याचं आहे. तुझ्या पानाची सोय व्हायची नाही."

सोवळ्याचे काहीही नव्हते. मला त्याचा पेपर टोचत होता, आणि त्याला कोठे मारले म्हणजे लागेल हे मला बरोबर ठाऊक होते. तो 'बरं' म्हणाला आणि वळला. पायांत वहाणा नव्हत्या, एवढे मला दिसले.

धाकट्या चुलतबहिणीने हे ऐकले होते. तिने काकूला सांगितले. मला वाटले, आता थोबाडीत बसणार. काकूने आवाजसुद्धा चढवला नाही. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि दही डब्यात भरले, कंदील माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल. वाट दाखव." रात्री एकटी बाईमाणूस रस्त्यावर निघायची ती रीत नव्हती. कॉलेजच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत तो राहायचा, तिथवर ती माझ्यापुढे चालत गेली.

त्याने दार उघडले. डबा पाहून म्हणाला, "काकू, मी जेवलोय."

तो जेवला नव्हता. खोलीत चूल नव्हती, भांडे नव्हते. काकू क्षणभर थांबली, मग उंबऱ्यावर बसली. "बरं तर. मी चालून आलेय, मला पाणी दे."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग आत जाऊन माठातले पाणी तांब्यात आणले, आणि एका कागदावर थोडे फुटाणे आणि गुळाचा खडा. काकूने फुटाणे खाल्ले, गूळ खाल्ला, तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायली. "आता तू आमच्याकडचं खा," म्हणाली. तो खाली मान घालून जेवला. मी कंदील धरून उभा. मला कोणी बस म्हटले नाही.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सगळे सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यावरून रात्री दहा वाजता विहिरीच्या गार पाण्याने न्हाली. त्याबद्दलही ती कोणाला काही बोलली नाही.

गोड शेवट सांगता आला असता तर मला हवाच होता. पण तो मुलगा त्यानंतर गुरुवारी आला नाही. वाटेत भेटला तर काकूला नमस्कार करायचा, माझ्याशी बोलायचा नाही. काकू वर्ष संपेपर्यंत दर गुरुवारी त्याचे पान मांडत राहिली आणि शेवटी ते उचलून गाईला घालत राहिली. पुढे तो कोठे गेला, काय झाला, मला माहीत नाही. मी शोधलेही नाही. धीर झाला नाही, हे खरे कारण.

काकूचे कौतुक करताना लोक तिला अन्नपूर्णा म्हणत. तिच्या थोरल्या सुनेने एकदा मला सुनावले, "भाऊजी, अन्नपूर्णा सासूबाई, आणि पिठाचे हात आमचे!" तिचे खोटे नव्हते. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा घरातल्या सुनांना आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळाली, आणि त्यांनी शास्त्रीजींना मनापासून दुवा दिला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकऱ्या तव्यावर मोडायच्या, त्या थापताना रडल्या त्या सुनाच. हीच थोरली सून 'रुचिरा' निघाल्यावर ते पुस्तक घेऊन आली. "वाटी-चमच्याने मोजून का पाहुणा येतो?" म्हणून काकूने नाक मुरडले. पण लेखिका कमलाबाई ओगले मूळच्या कुंडलच्या, हे कळल्यावर म्हणाली, "कुंडलची? मग आपलीच की!" आणि दुपारी सगळे निजले, की चश्मा लावून वाचू लागली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी तिला भेटायला गेलो आणि पुरात अडकलो. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वेळी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागातले, खणभागातले लोक मिळेल त्या वाटेने उंचावर येत होते. काकूच्या घरी नातलग आले, नातलगांचे शेजारी आले, आणि कोणाच्याच ओळखीचे नसलेले एक कुटुंब ओल्या गाठोड्यांसह आले. सत्त्याण्णव वर्षांची काकू अंथरुणावरून उठत नव्हती, पण घरात भांडी वाजली, की तिला माणसांचा अंदाज येई.

आठ तारखेच्या संध्याकाळी तिने मला हाक मारली. "किती झाले रे?"

"अठरा."

"वार कोणता?"

"गुरुवार."

"मग एकोणीस मांडा."

नातसून दारातून माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "आजींचा हिशेब हल्ली चुकतो, काका." मी काही बोललो नाही. फळीवरून ताट काढले, पुसले आणि ओसरीवर ओळीच्या शेवटी नेऊन ठेवले.