पहिल्या घराची हमी

परमुलखात पाऊल ठेवणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. घरमालकाला ओळख हवी असते, हमीदार हवा असतो आणि अनामत रक्कमही हवी असते. नवख्या माणसापाशी नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला मराठी विद्यार्थी असो वा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आलेला बिहारी कामगार असो, घर नाही म्हणून पत्ता नाही आणि पत्ता नाही म्हणून कोणाचा विश्वास नाही, या दुष्टचक्रातून दोघांनाही जावे लागते. हे चक्र बाहेरून कोणीतरी तोडावे लागते. ते कसे तोडता येते, याचे उदाहरण कोल्हापूरच्या वेशीपाशीच घडले आहे.

१९४० व १९४१ या वर्षांत सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर त्यांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला आणि १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश लोक इराणात पोहोचले. त्यांपैकी सुमारे ५,००० जणांना १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता. त्यांना येथील भाषा येत नव्हती, हवा मानवत नव्हती आणि परत जाण्याची शाश्वती नव्हती.

तरीही त्यांच्यापैकी कोणावर घरमालकाची मनधरणी करण्याची पाळी आली नाही. बराकींमधून कुटुंबांना राहण्याची सोय झाली. शाळा, प्रार्थनामंदिर व रुग्णालय उभे राहिले. जागा या भूमीने दिली. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला. नवख्या माणसापाशी नसलेली पत संस्थांनी पुरविली, हे या व्यवस्थेचे खरे मर्म होय.

या इतिहासाकडे केवळ भाबडेपणाने पाहणे मात्र योग्य ठरणार नाही. त्याच १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मृत्युमुखी पडली. तेव्हा वळिवड्याची छावणी ही निव्वळ भूतदयेची कहाणी नव्हे. तो युद्धकाळातील एक शासकीय निर्णय होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष अधिकच महत्त्वाचा आहे. निवारा मिळणे वा न मिळणे हे लोकांच्या अंतःकरणापेक्षा व्यवस्थेवर अवलंबून असते.

पुढील घटनांनीही याला दुजोरा दिला. १९४८ पर्यंत पोलिश कुटुंबे निघून गेली आणि त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. तेथील कापडाच्या घाऊक बाजारपेठेत आज अनेक गावचे व्यापारी खरेदीस येतात. आश्रित म्हणून आलेली माणसे पुढे इतरांना रोजगार देऊ लागली. निवाऱ्यावरील खर्च वाया जात नाही, हे अर्थशास्त्राने वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

आज मात्र नवागताला त्याच्या नशिबावर सोडण्यात येते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे. पण त्याचे संरक्षण लाभते ते घर मिळालेल्याला. आडनाव वा प्रांत ऐकून दारातूनच परत पाठविलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय? अर्थात घरमालकाची धास्तीही सर्वस्वी निराधार नसते. भाडे थकले, घर सोडले नाही, तर न्यायालयाच्या पायऱ्या त्यालाच झिजवाव्या लागतात.

म्हणूनच उपदेशापेक्षा हमीची आवश्यकता आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांसाठी व कारखानदारांनी कामगारांसाठी पहिल्या वर्षापुरते हमीदार व्हावे. अनामत रक्कम संस्थेने भरावी आणि ती हप्त्यांनी वसूल करावी. यात मालकाची जोखीम कमी होते आणि नवागताची अडवणूक टळते. १९०१ पासून विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिलेल्या राजर्षी शाहूंच्या नगरीला ही कल्पना परकी वाटू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापाशी अभिवादन केले. त्या सन्मानाचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र दूरदेशी ज्या आतिथ्याची आठवण ठेवली जाते, ते आज जून महिन्यात खोली शोधत पेठापेठांतून हिंडणाऱ्या परगावच्या मुलाच्याही वाट्यास यावयास हवे.